शेवटच्या ओळीची जागा

स्वरप्रयोगशाळेत रूथ साळवेचा आवाज घुमला आणि खुर्चीत बसलेल्या रूथनंच तोंडावर हात ठेवला. तिचाच आवाज, घशाच्या शस्त्रक्रियेआधीचा! चर्चच्या गायनमंडळातून निघून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं काळजातून गायचं सोल संगीत मराठीत आणणारी ही बाई. शब्द तिचे, चाल तिची, एकाच अक्षरावर पाच वळणं घेऊन काळजाला हात घालायची खोडही तिचीच. आता घसा नुसता खरखरायचा. गाणं राहिलं बाजूला, चार माणसांत बोलायचीही तिला लाज वाटायची.

"हे यंत्र म्हणजे स्वरानुमानक," डॉ. मृणाल धुमाळ म्हणाल्या. "तुमचा प्रत्येक कार्यक्रम ऐकून तो एकच गोष्ट शिकलाय. समोर असं घडलं, की रूथताई पुढं काय करतील? सभागृहाचा आवाज ऐकतो, नवं गाणंही गातो. फक्त शेवटची ओळ गाळतो. बिघाड असणार. मी जोडून देते."

"बिघाड, डोंबलाचा!" रूथ हसली. "कार्यक्रमात शेवटची ओळ मी जन्मात गायले नाही. चर्चमधली सवय. ती ओळ लोकांची. जो पहिला सूर लावेल, बेसूर का असेना, त्याला मी म्हणायचे, 'वा रे वाघा! पुन्हा!' माझं एकेक गाणं लोकांनी संपवलंय, बाई. हात लावू नका."

रविवारी सभागृह खच्चून भरलं. रूथ मंचावर कोपऱ्यात बसली. स्वरानुमानकानं तिचं नवंकोरं गाणं असं काही उचललं, की पुढच्या रांगेतली माणसं डोळे पुसू लागली. रूथची छाती अभिमानानं भरून आली. शेवटची ओळ आली आणि यंत्र थांबलं.

कुणीच गाईना.

रूथच्या एकदम लक्षात आलं. अगं बाई! नव्या गाण्याची ओळ ती कार्यक्रमाआधी स्वतः लोकांना शिकवायची. या खेपेला लाजेपायी ती त्यांच्यासमोर गेलीच नव्हती. वाद्यं तीच चाल घोळवत राहिली. मृणालताईंचा हात यंत्र बंद करायच्या कळीकडे गेला.

"थांबा," रूथ उठली. मायक्रोफोन धरला. जे होईल ते होवो.

"दिवा नसला तरी चालेल, दार उघडं ठेव..."

आवाज फाटला, मध्येच तुटला, पण ओळ पुरी झाली. तेवढ्यात ध्वनिवर्धकातून तिचाच जुना, भरदार आवाज आला.

"वा रे वाघा! पुन्हा!"

रूथला हसू आणि रडू एकदमच आलं. तिनं मान ताठ केली आणि पुन्हा गायली. या वेळी सगळं सभागृह तिच्याबरोबर होतं.