गेटावरचं कढत पाणी

"घागर लाईनीवरून उचल, व्यंकटी. हात जोडते तुला."

"लाईन काय तुझ्या नवऱ्याची हाय का, कोंडामावशी? रूळ उपटून नेले तवा मी जल्मलो बी नव्हतो."

हे माझंच भांडण. ह्यातलं एक अक्षर खोटं निघालं तर ह्या दुष्काळात मला थेंब मिळू नये.

परवाची गोष्ट. दिवस मावळताना.

लातूरच्या अलीकडं आमची वस्ती, जुन्या छोट्या लाईनीच्या गेटापाशी. आता गेट न्हाई, नुसता मातीचा भराव. नवा जिल्हा होनार, प्याशिंजर पुन्हा चालू होनार, असं लोकं म्हणून राहिले. त्याच दिवशी मोजणीवाले भरावावर चुना टाकून गेले. गावानं नारळ फोडला.

पाण्याचं कुणीच बोललं न्हाई.

टँकर गेटापाशीच थांबतो. रिकाम्या घागरी ठिवून नंबर लावायचा. पर भरावावर कुणी घागर ठिवत न्हाई. रांग अलीकडं तुटती, पलीकडं पुन्हा सुरू होती.

माझं डोकं फिरलेलं. माझी अक्का मुदखेडहून बाळंतपणाला आलेली. ओली बाळंतीण, आन् तिला न्हाऊ घालायला घरात तांब्याभर पाणी न्हाई.

मी घागर मधीच ठिवली. चुन्यावर.

कोंडामावशीचा नवरा इथं गेटमन होता. ती हळू आवाजात म्हणली, "पूर्वी डायवर बायांना इंजिनातलं कढत पाणी द्यायचा. बहात्तरच्या दुष्काळात एक बाळंतीण पाण्याला गेली, आन् लेकरासंगं गाडीतच बसली. लातूरला उतरलीच न्हाई. घागर दिसली की गाडी थांबती, लेका."

"थांबू दे की. टँकर तर येईना."

टँकर आलाच न्हाई. लोकं घागरी नंबराला तशाच ठिवून घरी गेले. मी एकलाच बसलो.

मग... वारा पडला.

रिकाम्या घागरी एकमेकीला वाजाय लागल्या. टण... टण... बुडाखालची जमीन थरथरून राहिली.

शिट्टी न्हाई. धूर न्हाई. नुसता कोळशाचा वास...

मग सगळं गप.

माझी घागर काठोकाठ भरलेली. वाफ निघत होती. वर तेलाचा तवंग.

ओतून द्यावं वाटलं. पर घरात अक्का होती.

कुठून आणलं, आईनं विचारलं बी न्हाई. रडत रडत अक्काला न्हाऊ घातलं. लेकराला बी.

कालपसून अक्का जेवत न्हाई. बोचकं बांधून बसली.

"गाडी कवा हाय रे, व्यंकटी?"

"कोणती गाडी, अक्का? लाईनच न्हाई."

"तूच तर थांबवलीस."

आता दिवस मावळून राहिला. दाराला आतून कडी घालून, दारालाच पाठ लावून मी हे लिहून राहिलो. आई पाण्याला गेली. अक्का आतल्या खोलीत हाय.

टँकर आज बी न्हाई.

तरी भरावाकडं घागरी वाजून राहिल्या...

आत जाऊन बघून आलो.

कडी तशीच हाय. पाळणा रिकामा हाय. अक्का बी न्हाई, बोचकं बी न्हाई.

मला भरावाकडं निघावं लागतंय.