नदीकाठी राहिलेला

आपल्या गोडादऱ्यातला गजेंद्र, कापड कारखान्यात माझ्या शेजारच्या लूमवर होता, त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट. त्यानं एकदाच सांगितली, पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

दोन वर्षांमागची दिवाळी. पाडव्याचा दिवस. शेठनं गजेंद्रला एक काम सांगितलं. डांगाकडच्या राष्ट्रीय उद्यानात आत एक विश्रामगृह आहे, तिथं पडद्यांचा गठ्ठा पोचवायचा. रस्ता नदीपाशीच संपतो, पुढे होडी. गजेंद्रनं धाकट्या भावाला, लखनला, सोबत घेतलं. कारखाना बंदच होता, तेवढंच जंगल बघणं होईल म्हणाला.

माल पोचला. परतताना वाटेत एका काठावर होडी थांबली. लखन लघवीला झाडांमागे गेला. जरा वेळच लागला. मग आला, मुकाट्यानं भावाशेजारी बसला आणि होडी सुटली.

अंधार पडला होता. पाणी उथळ लागलं तसं नावाड्यानं, सुकदेवनं, मशीन बंद केलं आणि बांबू हातात घेतला. एकदम सगळं शांत झालं. तेवढ्यात मागच्या काठावरून हाक आली.

"ओ भाऊ... मी आठेच शे. माले सोडीसन कोठे चालना?"

आवाज लखनचा. बोली घरातली, अहिराणी. मी इथेच आहे, मला सोडून कुठे चाललास, म्हणत होता.

गजेंद्रनं शेजारी पाहिलं. लखन बसलेला. मान खाली.

"लखन... तू आयकं का?"

लखन हळूच म्हणाला, "चला ना, भाऊ. उशीर होतोय."

जन्मात तो भावाशी असं पुस्तकी मराठी बोलला नव्हता.

"सुकदेव, होडी फिरव."

"कोणाला घ्यायला? दोघं आलात, दोघं बसलात."

काठावरची हाक आता रडवेली झाली होती. भाऊ... भाऊ... होडी वळणाला लागली. हाक बारीक झाली. मग...

मग काहीच नाही.

घरी आल्यावर लखन जेवला, झोपला. सुट्टी संपली तसा कामाला लागला. आई सुभद्राबाई अहिराणीत बोलली की नुसता हसायचा, उत्तर मराठीत द्यायचा. "याले शहर लागनं," म्हणून तीही हसायची. गजेंद्रच्या कानातून ती हाक जाईना. पोलिसांत जाऊन सांगायचं तरी काय? हरवलेला माणूस घरात जेवतोय?

पंधरवड्यानं त्याला राहवेना. एकटाच गेला. सुकदेवला विनवून दिवसाढवळ्या त्या काठावर उतरला. हाका मारल्या. झाडांत शिरून, काटे लागेतो शोधलं. माणूस नाही. माणसाचं चिन्ह नाही. थकून खाली बसला. एरवी पोलादासारखा गडी, पण लेकरासारखा रडला.

शेवटी सुकदेवनं दंडाला धरून उठवलं. दोघं होडीकडे वळले.

होडीशेजारी, ओल्या वाळूत, अनवाणी पावलं उमटली होती. झाडांतून निघून थेट पाण्यापर्यंत आलेली. येताना नव्हती. परत गेलेलं पाऊल एकही नाही.

आणि आत्ताच उमटल्यासारखं त्या ठशांत पाणी अजून झिरपतच होतं...