सतरा इंच खांद्याचं टेबल

"तो घेऊ नका. पावसाळ्यात फुगतो."

सुकन्यानं वळून पाहिलं. संगमनेरातल्या चांदभाईंच्या दुकानात, चांदभाईंच्याच तोंडावर त्यांच्या प्लायवूडला नावं ठेवणारा हा कोण? उंच, सावळा... आणि एका भुवईवर लाकडाचा भुसा.

"गोरक्ष, माझं दुकान बंद पाडायला आलास का रे?" चांदभाई म्हणाले.

"नाही हो. यांना टिकाऊ माल पाहिजे. चेहराच सांगतोय."

"चेहरा प्लायवूडबद्दल सांगतो?" सुकन्यानं विचारलं.

"सुताराला सांगतो. कधी कधी."

तिला हसू आलं – वडील गेल्यापासूनच्या आठ महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच – आणि ते लपवायला ती सनमायकाची पुस्तिका चाळू लागली. फिकट, पिस्ता रंगाचा एक तुकडा तिनं निवडला. टेबल करून देता का, असंही विचारून टाकलं. सोमवारच्या आत.

सोमवार टळणार नव्हता. विमा कंपनीचं नवं काम घरून करता येणार होतं, पण अट होती: शांत खोली, आणि संगणकाचे दोन मोठे पडदे मावतील असं टेबल. सोमवारी दहाला कंपनीची बाई कॅमेऱ्यातून खोली बघणार. पसंत पडली नाही, तर पुण्याच्या ऑफिसात रुजू व्हायचं. म्हणजे आईला या घरात एकटं टाकायचं. ते सुकन्या करणार नव्हती.

खोली होती आठ बाय नऊची. तिथं दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पस्तीस वर्षं कपडे शिवले. मशीन तिनं गेल्याच आठवड्यात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कारागिराला देऊन टाकलं होतं. राहिली होती खिडकीजवळची भिंत. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेली गिऱ्हाइकांची मापं, छातीच्या उंचीपासून पार डोक्याच्या वरपर्यंत. नाव एकाचंही नाही. "माणूस आठवतो की, नाव कशाला?" असं दादा म्हणायचे. घरात कशाचंही माप घेतलं की ते त्याच भिंतीवर जायचं. पडद्याचं, कपाटाचं... टेबलाचं मापही सुकन्यानं सवयीनं तिथंच लिहिलं: ३०-५४-२४.

गोरक्ष माप न्यायला आला तेव्हा ती बँकेत गेली होती. आईनं दारातूनच हात केला.

"माप भितीवर लिवलंय. घ्या उतरून."

शनिवारी सकाळी टेबल आलं. सुबक, गुळगुळीत, पिस्ता रंगाचं. आणि एवढंसं.

"हे काय?"

"तुमचं टेबल. उंची एकोणतीस, लांबी चाळीस, रुंदी सतरा." त्यानं भिंतीवर बोट ठेवलं.

सुकन्यानं आकडे वाचले. "हा शर्ट आहे."

"काय?"

"लांबी एकोणतीस, छाती चाळीस, खांदा सतरा. तुम्ही मला कुणाच्या तरी शर्टाच्या मापाचं टेबल करून आणलंय!"

तिनं शेजारचं ३०-५४-२४ दाखवलं. गोरक्षचे कान लाल झाले. आई पदर तोंडाशी नेत आत पळाली.

"मी नीट विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "चूक माझी. उद्या रात्रीपर्यंत मोठं करून देतो. मागं सात इंचांची पट्टी, उजवीकडं चौदा इंचांची फळी."

त्यानं सबब सांगितली नाही, हे तिला आवडलं. तिनं खिशातून टेप काढला.

"सरळ उभे राहा."

"का?"

"कुणाचं माप आहे बघू तरी." टाचा उंचावून तिनं टेप त्याच्या पाठीवर धरला. तो श्वास रोखून उभा. "अठरा. तुम्ही नाही."

"छाती राहिली..."

"गरज नाही."

आतून आईचा खोकला ऐकू आला. जरा जास्तच मोठा.

दुपारी खोलीचा रंग सुरू झाला; तेही काम गोरक्षनंच अंगावर घेतलं होतं. तीन भिंती संपवून तो चौथीपाशी थांबला. "ही ठेवायची का तशीच?"

"नाही. रोज समोर आकडे असले तर मी काम करणार नाही, माणसं शोधत बसेन." तिनं हात पुढं केला. "रोलर द्या. ही मी करते."

दादा सातच्या आकड्याला मधून आडवी रेघ देत. पहिल्या सातापाशी तिचा हात थांबला.  मागं उभ्या असलेल्या गोरक्षनं रंगाचा ट्रे पायानं सरकवून तिच्या जवळ आणला. तिनं रोलर बुडवला आणि वर नेला. भिंत संपेपर्यंत दोघं गप्प होते, आणि त्या गप्प राहण्यात तिला पहिल्यांदा वाटलं... हा माणूस सोमवारनंतरही दिसायला हवा.

रविवारी पट्टी बसली, फळीही जुळली. पण फळीचा आधार भिंतीत ठोकताना जुना गिलावा मूठभर निसटला. सोमवारी सकाळी आठला गोरक्षनं भोकात पीओपी भरलं.

"वाळायला दुपार होईल."

"दहाला फोन आहे!"

"तोवर मी धरतो."

दहाला पडद्यावर पुण्याची बाई आली. सुकन्यानं खिडकी दाखवली, भिंती दाखवल्या, दोन पडदे दाखवले. टेबलाखाली गोरक्ष मांडी घालून, खांद्यावर फळी पेलून बसला होता.

"कामाच्या वेळी खोलीत आणखी कोणी नसतं ना?"

गोरक्ष खालून जोरजोरात मान हलवत होता – नाही म्हणा, नाही म्हणा! सुकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. खोटं बोलून सुरुवात करायची नव्हती.

"एरवी नसतं. सध्या टेबलाखाली सुतार आहे."

"म्हणजे?"

तिनं कॅमेरा खाली वळवला.

"नमस्कार मॅडम," भुशानं माखलेला गोरक्ष म्हणाला. "हात जोडता येत नाहीत."

बाई क्षणभर गंभीर राहिली. मग खळखळून हसली. "खोली छान आहे. दुपारी एक फोटो पाठवा, सुतार वगळून. उद्यापासून कामाला लागा."

पडदा काळा झाला. सुकन्या खुर्चीत तशीच बसून राहिली. आई स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. कुठंही जायचं नव्हतं.

"सध्या?" खालून आवाज आला.

"काय सध्या?"

"म्हणालात ना... सध्या सुतार आहे."

ती खुर्चीवरून उतरली, वाकून टेबलाखाली शिरली आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला आपला खांदा लावला. दोघांच्या मध्ये वीतभर जागा उरली.

"मग काय सांगायला हवं होतं कंपनीला?"

"कंपनीला नाही..." तो अडखळला.

"तेच म्हणते मी. कंपनीला कशाला? मला सांगा."

फळी जराशी हलली. मग सावरली. आणि त्यानं सांगितलं.