काचघरातली पाहुणी आणि चार नव्या कोंबड्या

आजारी पडल्या त्या आमच्या जुन्या कोंबड्या. बाजारातून आणलेल्या चार नव्या मात्र ठणठणीत होत्या. दाणे टिपत होत्या, उकिरडा उकरत होत्या, एकीने तर त्याच सकाळी अंडंही घातलं होतं. आणि आमच्या नऊपैकी पाच जणी तोंड सुजवून, डोळे मिटून भिंतीकडेला बसल्या होत्या. त्यांच्या नाकातून घाण वासाचं पाणी गळत होतं. मी हबकूनच गेले. रोग नव्यांनी आणला म्हणावं, तर त्यांना स्वतःला काहीच कसं झालं नाही? आणि नाही आणला म्हणावं, तर त्या येऊन बरोबर चारच दिवस झाले होते!

मी केतकी. सातवीत आहे, आमचं गाव माणदेशात आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात या तापटपणाचा मोठा वाटा आहे.

त्या चार दिवसांपूर्वी आमच्याकडे पाहुणी आली होती, माझी आतेबहीण निहिरा. तिचा जन्म मंगळावरचा. माझी आत्या तिथल्या लोहितनगर नावाच्या वसाहतीत (माणसांनी नव्याने वसवलेल्या गावात) इंजिनिअर आहे. निहिरा पृथ्वीवर पहिल्यांदाच येत होती, तीही एकटी. मी महिनाभर दिवस मोजत होते. गाडी आली, चार माणसांनी अंगणात एक पारदर्शक खोली उतरवली, दार घट्ट लावलं आणि गाडी निघून गेली. निहिरा त्या खोलीत होती. तीस दिवस ती बाहेर येणार नव्हती म्हणे.

आई दारात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आमच्याकडे कुणी लांबून आलं की त्याला उंबऱ्याबाहेर थांबवतात, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळतात आणि लांब फेकतात. वाटेत काही लागलं असेल तर ते तिथेच राहावं, म्हणून.

"ये की गं बाहेर," आई काचेजवळ जाऊन म्हणाली. "किती लांबनं आलीस! एवढं पाणी तरी डोळ्याला लावू दे."

काचघराला बाहेरच्या बाजूने एक बोलयंत्र होतं. त्यातून निहिराचा आवाज आला, "मामी, आत्ता नाही येता येणार. तीस दिवस थांबावंच लागेल."

आईचा चेहरा उतरला. "दारात येऊन आमच्या हातचं पाणी नको? आमचा काय विटाळ हुतोय का तिला?" ती एवढंच पुटपुटली, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं आणि माझं डोकं सणकलं. मी तरातरा गेले आणि बोलयंत्राचं बटण बंद करून टाकलं. बसा म्हटलं आता काचेत!

त्याच दुपारी आईने आठवडी बाजारातून चार कोंबड्या आणल्या, पाहुणीला रोज अंडी मिळावीत म्हणून. निहिराचा भाकरतुकडा तसाच ताटात पडून होता. "ह्या बी लांबनंच आल्यात," म्हणत आईने तोच तुकडा नव्या कोंबड्यांवरून ओवाळला. एकीने त्याला चोच मारली, दुसरी त्यावर फडफडली. मग तो माझ्या हातात देऊन आई म्हणाली, "जा, लांब टाकून ये."

मी कंटाळा केला. तिथल्या तिथे अंगणात भिरकावला. आमच्या नऊ कोंबड्या धावत आल्या आणि एका मिनिटात तुकडा फस्त झाला. मग मी नव्या चारही कोंबड्या सरळ जुन्यांत सोडल्या. सगळ्या एकाच भगुल्यात पाणी प्यायल्या. माझी लाडकी ठिपकी तर एका नवीच्या शेजारी मान घालून पीत होती. ठिपकी अंड्यातून बाहेर आली तेव्हा मी तिला माझ्या ओंजळीत घेतली होती. मला वाटलं, चला, ओळख झाली!

काचघरात निहिरा दोन्ही हातांनी काच बडवत होती. तिचं तोंड उघडझाप होत होतं. आता कळलं का कोंडून बसल्यावर कसं वाटतं, असं मनात म्हणून मी तिला जीभ काढून दाखवली.

पाचव्या दिवशी सकाळी लंगडी आणि तुरेवाली अशा दोन कोंबड्या मरून पडल्या होत्या.

आई मटकन खालीच बसली. मी रडत रडत पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. मुजावर डॉक्टरबाई स्कूटरवरून आल्या. त्यांनी सुजलेली तोंडं तपासली, नाकातलं पाणी कापसावर घेऊन एका छोट्या यंत्रात घातलं.

"ही कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी आहे," त्या म्हणाल्या. "एका सूक्ष्मजंतूमुळे (डोळ्यांना दिसणार नाही अशा बारीक जिवामुळे) होते. पाण्यातून झपाट्याने पसरते. एक ते तीन दिवसांत लक्षणं दिसतात. नवीन पक्षी आणलेत का?"

"हो, पण त्या तर धडधाकट आहेत!"

त्यांनी नव्या कोंबड्यांच्या नाकातलं पाणीही तपासलं. यंत्रावर लाल दिवा लागला. चारही वेळा.

अंडं देणारी, उड्या मारणारी कोंबडी आणि तिच्या नाकात मरण?

"यांना हा आजार कधीतरी होऊन गेलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या बऱ्या झाल्या, पण जंतू आतच राहिला. अशा पक्ष्याला वाहक (स्वतः आजारी न दिसता रोग पसरवणारा) म्हणतात. त्यांच्या शरीराला या जंतूची ओळख आहे, तुमच्या कोंबड्यांच्या शरीराला नव्हती. नवीन पक्षी आधी महिनाभर लांब ठेवायचे असतात, ते याचसाठी. तुम्हाला कुणीच सावध केलं नाही?"

मी मान वळवून काचघराकडे पाहिलं. निहिरा काचेला हात टेकवून उभी होती. मी जाऊन बोलयंत्राचं बटण दाबलं.

"त्या दिवशी," मी विचारलं, "तू काय ओरडत होतीस?"

"वेगळ्या ठेव," ती हळूच म्हणाली. "एवढंच. बहुतेक शंभर वेळा म्हटलं असेन."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती मात्र रागावली नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

डॉक्टरबाईंनी पाण्यातून द्यायचं औषध दिलं. आजारी कोंबड्या आणि नव्या कोंबड्या चिंचेखालच्या डालग्यांत (कोंबड्या झाकायच्या बांबूच्या टोपल्यांत) ठेवायला सांगितलं. अजून निरोगी असलेल्या चौघी घरामागे. त्या चौघींत ठिपकी होती. "हिला वाचवायचीय ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मग दोन्ही गटांत अंतर पाहिजे."

अंतर मी ठेवलं. चांगली चाळीस पावलं! रोज सकाळी आधी चिंचेखाली जायचे, आजारी कोंबड्यांना औषधाचं पाणी द्यायचे, मग घरामागे जाऊन ठिपकीच्या गटाला दाणापाणी करायचे. संध्याकाळी काचघराच्या दाराला टेकून निहिराशी गप्पा मारायचे. चिंचेखालच्या तिघी सुधारत होत्या. मला माझं कौतुक वाटायला लागलं होतं.

दहाव्या दिवशी ठिपकीचा डावा डोळा सुजून बंद झाला.

"असं कसं होईल?" मी निहिरापुढे अक्षरशः ओरडले. "पाच दिवस झाले! चाळीस पावलं लांब आहे ती! जंतूंना काय पाय आहेत?"

"आहेत ना," निहिरा म्हणाली. "कुणाचे, ते बघायचंय का?"

काचघराला दुहेरी दारांची एक पेटी होती, तिच्यातून वस्तू निर्जंतुक (जंतू मारलेली) होऊन बाहेर यायची. निहिराने तिच्यातून एक डबी आणि छोटा जांभळा दिवा पाठवला. डबीत पांढरी पूड होती. "लोहितनगरात शाळेच्या पहिल्याच दिवशी हा प्रयोग करवतात. आमच्या गावात तीनशे माणसं, हवा सगळ्यांना एकच. एक शिंकला की तीनशे जणांच्या पोटात गोळा येतो. ही पूड चिंचेखालच्या भगुल्याच्या काठाला लाव. समज की ती म्हणजे जंतू. मग उद्या रोजची कामं रोजच्यासारखीच कर. मुद्दाम काही बदलू नकोस."

मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, उजेड कमी झाल्यावर आईला हाक मारली आणि जांभळा दिवा लावला.

चिंचेखालचं भगुलं हिरवंगार चमकलं. ते ठीकच होतं. मग मी दिवा खाली केला. माझ्या दोन्ही चपला चमकत होत्या. फ्रॉकचा घेर चमकत होता. बादलीची कडी, दाण्यांचं माप, नळाची तोटी.

"अगं बया!" आई मागे सरकली. तिच्या पदरालाही हिरवे डाग होते.

चिंचेपासून घरामागपर्यंत मातीत माझ्या चपलांचे हिरवे ठसे उमटले होते, एकामागून एक, मोजून चाळीस. त्या ठशांच्या शेवटी ठिपकीचं पाण्याचं भांडं होतं, आणि त्याचाही काठ चमकत होता. ठिपकी एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. तिची चोच हिरवी दिसत होती.

जंतूंचे पाय म्हणजे माझे पाय होते. मी मोठ्याने रडायला लागले.

"केतकी," निहिरा म्हणाली, "दिवा जरा इकडे धर."

मी काचघराकडे दिवा वळवला. दाराच्या कडीवर पाच बोटं चमकत होती. माझी. रोज गप्पा मारताना मी कडीशी चाळा करत बसायचे, ती सवय माझ्या लक्षातही नव्हती.

"कोंबड्यांच्या सर्दीने मला काही होणार नाही," निहिरा म्हणाली. "पण तुझ्या हातावर, नाकात इथले हजारो जंतू आहेत. तुझं शरीर त्यांना लहानपणापासून ओळखतं. माझं एकालाही ओळखत नाही. मी त्या ठिपकीसारखी आहे. यंत्र मला रोज थोडी थोडी लस देतं, म्हणजे जंतूची निरुपद्रवी ओळख करून देतं. तीस दिवसांत शरीर तयार होतं. आणि मीही प्रवासात काही घेऊन आले असेन, तर तेही तोवर दिसून येईल. तुम्हाला माझ्यापासून जपायचं आणि मला तुमच्यापासून. याला विलगीकरण (नव्याने आलेल्याला काही दिवस वेगळं ठेवणं) म्हणतात. मामी, पाणी मला हवं होतं. खूप हवं होतं."

आई काचेजवळ गेली. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या भाकरतुकड्यागतच झालं की गं हे. वाटंवरचं वाटंवरच ऱ्हावं."

"अगदी तसंच!" निहिरा हसली. "रीत बरोबरच होती. फक्त तुकडा लांब टाकायचा होता."

मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून सगळं उलटं केलं. आधी निरोगी कोंबड्या, मग सुधारणाऱ्या, सगळ्यात शेवटी नव्या. ठिपकीलाही औषध सुरू करून चिंचेखाली हलवली. चिंचेखालच्या चपला चिंचेखालीच ठेवल्या, दोन्हीकडे वेगळी भगुली, वेगळं माप, आणि येताजाता साबणाने हात. निहिरा काचेतून पहारा करायची आणि मी काही विसरले की बोलयंत्रातून ठणाणा करायची. आठवड्याने पुन्हा पूड लावून दिवा धरला. चमकलं ते फक्त चिंचेखालचं भगुलं.

मधली एक रात्र ठिपकीने काही खाल्लं नाही. सकाळी मी डालगं उचलायलाच घाबरत होते. उचललं, तर बाईसाहेब माझ्या बोटाला चोच मारून दाणे मागत होत्या! डोळा थोडा मिचका राहिला तो राहिलाच. घरामागच्या तिघी शेवटपर्यंत निरोगी राहिल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या की ठिपकीही आता वाहक झाली आहे. तिला कुणाला द्यायची नाही, विकायची नाही, आणि त्या तिघींना किंवा नव्या पक्ष्यांना दोन वेळा लस टोचल्याशिवाय तिच्यात सोडायचं नाही. मला काही कुणाला द्यायचीच नव्हती.

तिसाव्या दिवशी काचघराच्या दारावर हिरवा दिवा लागला. आई ताट घेऊन उभी होती. निहिरा बाहेर आली, उंबऱ्याबाहेर थांबली. आईने भाकरतुकडा ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तिला अशी काही मिठीत घेतली की तांब्या कलंडला. तुकडा माझ्या हातात आला. मी तो पार ओढ्यापलीकडे नेऊन खड्ड्यात पुरला, आणि परत येऊन साबणाने हात धुतले. मगच निहिराच्या गळ्यात पडले.

निहिरा आता लोहितनगरला परत गेली आहे. मोठी झाल्यावर मी तिथे जाणार आहे आणि तीस दिवस काचेत बसायची माझी तयारी आहे. तोवर तिचं काचघर आमच्या अंगणातच आहे. सध्या त्यात डॉक्टरबाईंनी लस टोचलेल्या तीन नव्या तलंगा आहेत (तलंग म्हणजे अंडी द्यायच्या वयाची होऊ घातलेली कोंबडी). आज त्यांचा बारावा दिवस. आई रोज त्यांना काचेबाहेरूनच ओवाळते, आणि ठिपकी आपल्या डालग्यातून एका डोळ्याने बघत असते. आतून शिंक ऐकू येते का, म्हणून मी शाळेत जाण्याआधी कान देऊन बसते. त्या दिवसापासून बोलयंत्राचं बटण मी एकदाही बंद केलेलं नाही.