वडनेरचे गुल्हाने काका

सावंगीच्या दवाखान्यात आईचा केसपेपर काढायला रुचिका खिडकीशी उभी राहिली, आणि आतल्या कॉम्प्युटरवर तिला स्वतःचाच डाव दिसला.

आधी वाटलं, भास होतोय. पण नाही… पटाच्या मधोमध तिचाच काळा घोडा, त्याला आधार देणारी तीच दोन प्यादी. टपालाने खेळायच्या बुद्धिबळ स्पर्धेत, आठ महिने पोस्टकार्डावर एकेक चाल लिहून ती हा डाव खेळत होती. वडनेरहून कार्ड टाकायचं, चारेक दिवसांनी पवनारहून उत्तर यायचं. समोरच्याचं फक्त नाव ठाऊक होतं — चंदन ढगे.

आत एक सावळा तरुण पडद्याकडे बघत डबा खात होता.

"जेवणाची सुट्टी आहे जी. पाच मिनिटं थांबा."

"थांबते. पण ते कोपऱ्यातलं प्यादं खाऊ नका."

त्याचा हात डब्यातच राहिला. "तुम्हाले बुद्धिबळ येते?"

"थोडंसं."

"मशीन तर म्हणते, खा. दीड प्याद्यानं मी वर आहे म्हणते. अन् स्पर्धेत मशीनले मनाई नाई."

"मशीन किती चाली पुढचं पाहते?"

"आठ… लई झालं तर दहा."

"अन् तुमचा वजीर फसणार इथून अठराव्या चालीले. मधली घरं काळ्याच्या ताब्यात आहेत. वजीर तिकडं खायले गेला, की परत येईन कुठून? रस्ता तर मधातूनच आहे. अन् इकडं राजा एकटा."

तो पडद्याकडे बघत राहिला. मग तिच्याकडे — जरा जास्तच वेळ.

"तुम्ही आमच्या गुल्हाने काकांसारखं बोलून राह्यल्या," तो हसला. "वडनेरचे आहेत. पोक्त माणूस. असेच मधात ठाण मांडून बसतात, घाई म्हणून नाई."

रुचिकाने ओठ दाबून हसू आवरलं. कार्डावर ती 'र. गुल्हाने' एवढीच सही करायची. दर उत्तराखाली 'प्रकृती सांभाळावी' असं का लिहिलेलं असायचं, ते आज उलगडलं. तिने आईच्या नावाची चिठ्ठी आत सरकवली. त्याने वाचली… सुलोचनाबाई गुल्हाने, वडनेर.

"काका तुमचे… कोण?"

"मीच."

तो कानापर्यंत लाल झाला. पाण्याचा घोट घेऊन हळूच म्हणाला, "मंग सांगितलं काऊन? मी प्यादं खाल्लं असतं तर तुम्ही जिंकल्या असत्या."

खरंच होतं ते. हा डाव जिंकला की ती देशाच्या अंतिम फेरीत जाणार होती. तीन महिने ती याच एका चुकीची वाट बघत होती. आणि त्या घास विसरलेल्या चेहऱ्याकडे बघून सगळं सांगून बसली होती. का… तिलाही कळत नव्हतं.

"केसपेपर द्या जी," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी कार्ड आलं. 'तुम्ही सांगितलं नसतं तर मी हरलोच होतो. म्हणून हार मानतो. फायनल तुमची.'

रुचिकाचा पारा चढला. तिने तिथल्या तिथे लिहिलं — 'दान नको. मशीन बंद करा आणि स्वतः खेळा. मशीन कसं आहे ते मला कळलं. तुम्ही कसे आहात ते कळू द्या.' शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं तर खोडावं लागेल, म्हणून ती तशीच पोस्टाकडे धावली.

त्याने मशीन बंद केलं. आता त्याच्या चाली कधी अगदीच भाबड्या येत, कधी अशा की ती दोन दिवस पटावरून उठत नसे. चालीखाली उरलेल्या जागेत धाम नदीच्या पुराची बातमी येऊ लागली, घरच्या सोयाबीनची, त्याचे वडील मधुकरराव यांच्या रागाची. आईच्या डोळ्याच्या तपासण्यांना ती सावंगीला जाई, तेव्हा कॅन्टीनमध्ये चहा होई. एकदा त्याने खिशातला छोटा पट उघडला. दोघांची बोटं मधल्या एकाच घरावर आली.

"या घरावर माहा हक्क कधी होईन?" त्याने विचारलं.

"मागून नाई भेटत ते. थांबावं लागते."

"थांबतो मी."

चहा निवला… बोटं तिथेच होती.

दिवाळीनंतर सुलोचनाबाई बसमध्ये सहज म्हणाल्या, "डोळा तर माहा कधीचाच बरा झाला. आपण सावंगीले काऊन जाऊन राह्यलो बाई?" रुचिका खिडकीबाहेर कपाशी बघत बसली.

डिसेंबरात, चोपन्नाव्या चालीला, चंदन हरला. खराखुरा, झुंजून. त्याच्या कार्डावर लिहिलं होतं — 'हरलो. फायनलला जा, आणि जिंकून या. आता मला लिहायला चाल उरली नाही. तरी लिहीत राहिलो तर चालेल का? आणि कधी तरी… एकाच घरात राहून, कार्डाशिवाय?'

रुचिकाने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटची ओळही तिने गाळली नाही.

सुलोचनाबाई तांदूळ निवडत होत्या. "पोरगा हारल्यावर चिडला नाई," त्या म्हणाल्या. "तुहे बाबा तर पत्त्यातही चिडतात. हो म्हण त्याले. बाबाले मी सांगते."

रुचिकाने कोरं कार्ड काढलं, पत्ता लिहिला, आणि खाली एकच अक्षर — 'हो'. मग तिने बोटांवर मोजलं. आज टाकलं तर चार दिवस. मध्ये रविवार, म्हणजे पाच.

वर्षभर एकेका चालीसाठी शांत बसलेली मुलगी उठली. कार्ड पर्समध्ये टाकलं, पायात चप्पल सरकवली आणि सावंगीची दहाची बस पकडायला स्टँडकडे निघाली.