मेंढ्यांच्या तंबूची लोकर कुणाची?

"पण जिपार, लोकर कुणाची ते सांग ना."

सिनेमागृहाच्या कोपऱ्यावर मक्सिमच्या पिंपापुढे रांग होती. मक्सिम म्हणजे जवाचं आंबूस, गार पेय. ते मिळेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी माझ्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचं डोकं खात होते. पॉप्लरच्या झाडांचा कापूस उडत होता. बिश्केकमध्ये त्या दिवसांत तो सगळीकडे असतो... केसांत, चहात, पापण्यांवर.

"कुठली लोकर?" जिपार वैतागली.

"सिनेमातली. गावात सगळ्या मेंढ्या. राहतात तंबूत. तंबूवर नमदा. नमदा लोकरीचा. मग ती कुणाची? शेजाऱ्याची? मेलेल्या आजोबांची?"

"बुरुल, तो कार्टून सिनेमा आहे. मुलांसाठी."

"मुलं विचारतील तेव्हा काय सांगायचं?"

आमच्या पुढे उभा असलेला उंच माणूस वळला. त्याच्या भुवईवर कापसाचा एक पुंजका बसला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"खरं सांगू? आम्ही विसरलो," तो म्हणाला.

"आम्ही म्हणजे?"

"मी लिहिला तो सिनेमा. अर्धा काढलाही मीच. आम्ही पाच जण चार वर्षं त्या तंबूंत राहिलो म्हणा ना, पण हे एकालाही सुचलं नाही, ताई."

"ताई कुणाला म्हणता? तुम्ही मोठे दिसता माझ्यापेक्षा."

"प्रश्न ताईसारखे आहेत म्हणून म्हटलं."

जिपारला खोकला आला. त्याने तीन पेले घेतले, एक माझ्या हातात दिला. उत्तर शोधायला वेळ लागेल, म्हणाला, तर तोपर्यंत फोन नंबर मिळेल का... मी दिला. का दिला ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. भुवईवरचा कापूस मात्र मी काढायला सांगितला नाही.

त्याचं नाव तिलेक.

उत्तर आलं ते चित्र होऊन. वसंतात अख्खं गाव गोल बसून एकमेकांची लोकर कातरतंय. खाली लिहिलं होतं : 'लग्न ठरलं की प्रत्येक नातेवाईक थोडी लोकर देतो. त्यातून नव्या घराचा नमदा. म्हणजे प्रत्येक जण आपल्या माणसांच्या आत झोपतो.'

मी ते चित्र बराच वेळ पाहत राहिले. मग कळवलं : 'ठीक. पण कातरतं कोण? खुरांनी कात्री धरता येत नाही.'

'लांडगे,' लगेच उत्तर आलं. 'गावातले न्हावी लांडगे आहेत.'

'आणि मेंढ्या मान पुढे करतात?'

'डोळे मिटून. त्या गावाचं सगळं राज्य त्यावरच चालतं.'

मी पशुसंवर्धन संस्थेत मेंढ्यांच्या वंशावळींवर काम करते. सबंध दिवस रक्ताचे नमुने आणि आकडे. त्या संध्याकाळी मात्र मी आकड्यांपुढे बसून एकटीच हसत होते.

मग तो आमच्या संस्थेच्या गोठ्यावर आला. खऱ्या मेंढ्या पाहायच्या होत्या म्हणे. मी त्याचा हात धरून मेंढीच्या पाठीच्या लोकरीत खोल बुडवला. बाहेरून मळकट, आत ऊबदार आणि शुभ्र. तिथला मेणचट ओशटपणा बोटांना लागतो आणि दिवसभर जात नाही.

"हे मी चित्रात कसं काढू?" तो हळूच म्हणाला.

"काढू नका. हात काढा."

"कुठला हात?"

मी अजून त्याचं मनगट धरून होते. सोडलं. मेंढीने आमच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की दोघांनाही हसू आलं.

उन्हाळाभर हेच चाललं. घोड्या शेजारी म्हणून राहतात, मग घोडीच्या दुधाचं कुमिस कोण आणि कुठल्या तोंडाने मागतं? पावसाळी दिवशी अख्ख्या गावाला ओल्या लोकरीचा वास येतो, तर त्यांना तो वास वाटतो की हवा? तो प्रत्येक वेळी काहीतरी शोधून आणायचा. कधी खोटं वाटेल असं, कधी इतकं खरं की मी ते टिपून ठेवायचे. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आमच्या लक्षातच आलं नाही.

एका प्रश्नाचं उत्तर मात्र त्याने दिलं नाही.

"शेवटचा प्रसंग," मी म्हणाले होते. "कोकरू म्हाताऱ्या मेंढ्याला बाबा म्हणतं, म्हातारीला आई. आणि तो तरुण मेंढा, ज्याला ते दादा म्हणतं, तो कोकराच्या टोपीची गाठ बांधतो आणि मग नुसता पाहत राहतो. इतका वेळ का पाहतो? शिवाय वयाचा हिशोब बसत नाही. त्या वयाची मेंढी वीत नाही."

तिलेक पेन्सिलला टोक करत होता. करतच राहिला.

"तो सोड," म्हणाला. "तेवढा एक राहू दे."

उन्हाळ्याच्या अखेरची हवा होती, संध्याकाळी पाटाचं पाणी गार वाहत होतं. ओक झाडांखालच्या बाकावर आम्ही भाजलेली मक्याची कणसं खात होतो. तो म्हणाला, "बुरुल, तुझे सात बाप येतात तुला?"

माझ्या हातातलं कणीस थांबलं. आमच्याकडे हा प्रश्न मुलगा उगीच विचारत नाही. बापाकडून वर मोजत सात पिढ्यांत दोघांचा एकच पूर्वज सापडला, तर ती दोघं बहीण-भाऊ. लग्न नाही. विषय संपला.

"नऊ येतात," मी म्हणाले. "तुझ्यासारखी सातावर थांबणारी नाही मी."

"फुशारकी नको. म्हणून दाखव."

"आधी तू."

एक त्याचा, एक माझा, असं आम्ही म्हणू लागलो. तो प्रत्येक नावागणिक बाकावर जरा जवळ सरकत होता आणि मी न पाहिल्यासारखं करत होते. त्याने ओसमोनपासून, आपल्या बाबांपासून, सुरुवात केली. सातवं नाव घेतलं — बोतोबाय.

माझा आठवा बोतोबाय होता. तोच, आमच्या कोचकोर गावचा, पांढऱ्या घोड्यांचा म्हणून ओळखला जाणारा. म्हणजे त्याच्या बाजूने तो सातांत बसत होता.

"अगं, बोल की."

मी बोलले. तो सरकायचा थांबला.

इतक्या लांबच्या पूर्वजाचं किती रक्त उरतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जवळजवळ काही नाही. पण माझ्या बाबांच्या घरात माझे आकडे चालत नाहीत, तिथे नावं चालतात. मी उठले. त्यानेही थांबवलं नाही.

आठवडा असाच गेला. मग एके दुपारी, एका कोकराची वंशावळ तपासताना, आईच्या रकान्यात मला वय जुळेना. कुणीतरी आजीची खूण आईच्या जागी टाकली होती. मी चूक दुरुस्त केली आणि हात तसाच हवेत राहिला.

मी थेट त्याच्या स्टुडिओत गेले.

"ओसमोन बाबांचं वय काय?"

"ऐंशी उलटली."

"तू तिशीचा. आणि आईचं?"

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.

"आईही पंचाहत्तरीच्या पुढे आहे," तो म्हणाला. "कळलं ना तुला. ते आजी-आजोबा आहेत माझे. पहिला नातू म्हणून मला त्यांच्या पदरात घातलं. घालतात आपल्याकडे. ज्याला मी जुमादिलदादा म्हणतो तो... तोच. गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही."

"म्हणजे तुझी मोजणी एकाने चुकली. बोतोबाय तुझाही आठवा."

"हो."

"तू म्हणत होतास तेव्हाच तुला माहीत होतं?"

"तू बोतोबाय म्हणालीस तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीस, तिलेक?"

"बाकावर तुला सांगितलं असतं गं. पण पुढे तुझ्या बाबांसमोर, चार वडीलधाऱ्यांत म्हणावं लागणार. शेजारी तो म्हातारा बसलेला असणार. त्याने मला घोड्यावर बसवलं, गोवर आला तेव्हा रात्रभर मांडीवर घेतलं. आणि मी त्याच्या देखत बाप म्हणून दुसऱ्याचं नाव घ्यायचं?" त्याचा आवाज खाली गेला. "सिनेमातसुद्धा जमलं नाही मला ते."

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला.

"मी तुला ते करायला सांगणार नाही," मी म्हणाले. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते म्हणणं कठीण गेलं.

पंधरवड्याने निरोप आला, तिलेकचा नव्हे, ओसमोन आजोबांचा : कानात डूल घालायला येतो आहोत. मुलीच्या कानात डूल घातले म्हणजे ती ठरली. मी तिलेकला फोन केला.

"काय सांगितलंस घरी?"

"तू कोण, कुणाच्या वंशातली, एवढंच. म्हाताऱ्याने बोटांवर काहीतरी मोजलं, मग म्हणाला, जाऊ. बुरुल, मी तिथे काय म्हणेन मला खरंच माहीत नाही."

आमच्या कोचकोरच्या घरी गालिच्यांवर खाण्याचं दस्तरखान पसरलं होतं. तळलेल्या कणकेचे बोर्सोक, साय, जर्दाळूचा मुरंबा. ओसमोन आजोबा उंच पांढऱ्या टोपीत मानाच्या जागी बसले होते, शेजारी तिलेक. गाडी चालवत आला होता तो जुमादिल, रुंद खांद्यांचा, अबोल. तो माझ्या हातून किटली घेऊन स्वतःच चहा ओतू लागला. त्याचे आणि तिलेकचे कान अगदी एकासारखे होते. मला आधी दिसले कसे नाहीत, तर आधी मी जुमादिलला पाहिलंच नव्हतं.

"बोल मुला," माझे बाबा म्हणाले. "तुझे बाप ऐकू दे."

तिलेकने पेला खाली ठेवला. ओठ उघडले. मिटले. मला त्याला सांगावंसं वाटत होतं — राहू दे, नको म्हणूस...

"तो गोंधळतो," आजोबा म्हणाले आणि त्यांनी तिलेकच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लहानपणी मीच चुकीचं शिकवलं. लोभाने शिकवलं. मी म्हणतो." त्यांनी घसा साफ केला. "पहिला जुमादिल."

किटलीची धार पेल्याबाहेर गेली.

"दुसरा मी," आजोबा पुढे म्हणाले आणि न थांबता वर चढत गेले. आठव्या जागी बोतोबाय आला.

बाबांनी बोटं दुमडून मोजणी पुरी केली, मान डोलावली. "आठवा. आमचाही आठवा. ठीक आहे."

"पण हे बघा," आजोबा जुमादिलकडे वळून म्हणाले, "पोरगा परत देत नाहीये मी. फक्त मोजणी नीट केली."

"कोण मागतंय, बाबा," जुमादिल म्हणाला. त्याला किटली कुठे ठेवावी ते सुचत नव्हतं. तिलेकने ती त्याच्या हातातून घेतली, आणि तो हात मात्र सोडला नाही.

तिलेकच्या आजी माझ्याजवळ सरकल्या. रुमालातून चांदीचे डूल काढले. प्रयोगशाळेत मी कधी कानात काही घालत नाही, भोकं बुजत आली होती. म्हातारीच्या हातून तार पुन्हा पुन्हा चुकत होती.

"दुखतंय का?" तिलेकने पलीकडून विचारलं. त्याचे डोळे अजून ओले होते.

"नाही," मी म्हणाले.

चांगलंच दुखत होतं. मी मान जराशी कलती केली आणि आजींना म्हटलं, "घाला तुम्ही, जोर लावून घाला."