भिंतीपलीकडची डावखुरी

"बॉल परत का येत नाही?" प्रोफेसर वैतागून ओरडला.

चिमणी भिंतीकडे बघत राहिली. सोसायटीची ही भिंत म्हणजेच त्यांचं व्हॉलीबॉलचं नेट! अलीकडे चिमणी आणि तिचा चष्मेवाला मावसभाऊ प्रोफेसर, पलीकडे पुलाच्या कामावर आलेल्या परमुलखातल्या कामगारांची मुलं. सुट्टीभर खेळून कुणी कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पण फिरकी सर्व्हिस मारणारी मुलगी डावखुरी आहे, हे चिमणीने बॉलवरूनच ताडलं होतं. दोन्हीकडची मुलं एकमेकांच्या भाषेत वीसपर्यंत मोजायला शिकली होती. एकवीसला डाव संपे. काल अंधारलं तेव्हा वीस-वीस झाले होते. "उद्या!" डावखुरी ओरडली होती, चक्क चिमणीच्या भाषेत.

"ढापला असेल बॉल," सोसायटीच्या ऑफिसच्या खिडकीतून सेक्रेटरीकाका सह्या करता करता म्हणाले. "म्हणून तर रविवारी त्या पोरांशी मैत्री सामना ठेवलाय. ओळख वाढते!"

दोघं मागच्या फाटकावरून उड्या मारून पलीकडे गेली. कामगारांच्या झोपड्या नाहीशा झाल्या होत्या. चुलींच्या राखेत बॉल पडला होता. भिंतीला लागून विटांचा ओटा रचलेला होता.

"यावर चढून मारायची! म्हणजे डावखुरी माझ्यासारखीच बुटकी!" चिमणी म्हणाली.

"पहाटेच ट्रकमधून हलवलं त्यांना," तिथला वॉचमन म्हणाला. "तुमच्याच सोसायटीचं पत्र आलं. पोरं भिंतीपाशी गोंगाट करतात म्हणे."

"गोंगाट तर आपणच करत होतो!" प्रोफेसर पुटपुटला.

ऑफिसच्या फाइलमध्ये त्या पत्राची प्रत सापडली. सही काकांची. ट्रेमध्ये सामन्याचं निमंत्रण पडून होतं, तेही काकांच्याच सहीचं, त्याच तारखेचं!

"मी? अशक्य!" काका म्हणाले.

प्रोफेसरने गुपचूप एक कागद लिहून त्यांच्या गठ्ठ्यात सरकवला.

रविवारी सामन्याला जमलेल्या सभासदांसमोर चिमणीने तो मोठ्याने वाचला. "मी कोणताही कागद न वाचता सही करतो." खाली काकांची झोकदार सही!

हशा पिकला. मग तिने ती दोन्ही पत्रं वाचली. हशा थांबला.

काकांनी घाम पुसला. "शाब्बास! पोरं हुशार आहेत हो!" टाळ्या पडल्या. मैत्रीचा कप आणलेलाच होता. "समोरचा संघ गैरहजर, म्हणजे तुम्हीच विजयी!"

"वीस-वीस झालेत, काका."

"अगं, पण समोर आहे कोण आता?"

कप टेबलावरच ठेवून चिमणी बॉल घेऊन भिंतीशी गेली आणि डाव्या हाताने सर्व्हिस मारली. पलीकडे बॉल एकदा आपटला, दोनदा आपटला, मग थांबला.

तिला ओरडून काही सांगायचं होतं. पण त्यांच्या भाषेत 'उद्या'ला काय म्हणतात, ते विचारायचं राहूनच गेलं होतं.